तेओतित्लानच्या वेशीच्या आत

तेओतित्लान देल वाये या गावातल्या चर्चची भिंत जवळ जाऊन पाहावी. भिंतीत मधूनमधून वेगळ्याच घडणीचे दगड बसवलेले दिसतात. कशावर पायऱ्यापायऱ्यांची वळणदार नक्षी, कशावर एखादी झिजलेली आकृती. हे दगड चर्चसाठी घडवलेले नव्हते. स्पॅनिश लोक येण्याआधी या जागी झापोटेक लोकांचं देवस्थान होतं. ते पाडलं गेलं आणि त्याच दगडांत सोळाव्या शतकात चर्चचं बांधकाम सुरू झालं. जुन्या देवळाचा पाया चर्चच्या मागे आजही उघड्यावर पाहायला मिळतो. भिंतीतली तीच पायऱ्यांची नक्षी समोरच्या बाजारात लोकरी गालिच्यांवर विणलेली दिसते, आणि गालिचे विकणारी बाई शेजारणीशी बोलते ती झापोटेक भाषेतच. स्पॅनिश ती गिऱ्हाइकासाठी राखून ठेवते.

मेक्सिकोच्या दक्षिणेला वाहाका नावाचं राज्य आहे आणि राजधानीचं शहरही त्याच नावाचं. या शहरातून पूर्वेकडे मित्लाच्या रस्त्याला लागलं की त्लाकोलुलाची दरी सुरू होते. शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर डावीकडे एक फाटा फुटतो आणि चारेक किलोमीटरवर डोंगराच्या पायथ्याशी हे गाव लागतं. वस्ती पाच हजारांच्या आसपास, उंची समुद्रसपाटीपासून साधारण १,६७० मीटर. त्यामुळे उष्ण कटिबंधात असूनही सकाळ-संध्याकाळ हवा गार असते. मेक्सिकोतलं एकच खेडं पाहायचं असेल तर कुठलं, असं कुणी विचारलं तर मी हेच गाव सांगेन. कारण इथली कला, इथलं जेवण आणि इथला डोंगर ही तीन निराळी प्रेक्षणीय स्थळं नाहीत. तिन्ही एकाच गोष्टीवर उभी आहेत. गावातले लोक आजही एकमेकांसाठी आणि गावासाठी बिनपगारी राबतात. प्रवाशाच्या डोळ्यांना हे पटकन दिसत नाही, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं.

आधी गालिच्यांकडे वळू, कारण गावाची ओळख त्यांच्यामुळेच झाली आहे. इथलं विणकाम स्पॅनिश राजवटीच्या फार आधीचं. तेव्हा कापूस वापरत आणि माग कमरेला बांधायचा असे. आझ्टेक सत्तेला या भागातून जी खंडणी जाई, तिच्यात सुती वस्त्रंही असत. सोळाव्या शतकात मेंढ्या आल्या, लोकर आली आणि पायांनी चालवायचा लाकडी माग आला. झापोटेक विणकरांनी तो माग आपलासा केला आणि आपली जुनी नक्षी त्यावर चढवली. या नक्षीचा मूळ नमुना पाहायचा तर थोडं पुढे मित्लाला जावं. तिथल्या प्राचीन वाड्यांच्या भिंतींवर दगडाचे लहान लहान तुकडे चुन्याशिवाय एकमेकांत इतके घट्ट बसवले आहेत की पूर्ण भिंत विणल्यासारखी वाटते. विणकर पिढ्यान्पिढ्या त्याच आकृत्या ताण्याबाण्यात आणत आले आहेत.

गावातल्या बहुतेक घरांच्या अंगणात माग असतो. हातानं कातलेली लोकर अनेकदा डोंगरातल्या दुसऱ्या गावांतून येते, रंगकाम मात्र घरीच होतं. रंगांचं हे काम नीट बघण्यासाठी वेळ काढावा. एखादी बाई नोपालचं, म्हणजे आपल्या ओळखीच्या फड्या निवडुंगाच्या जातीचं, एक जाड पान पुढे करते. पानावर पांढऱ्या भुकटीचे ठिपके असतात, बुरशी धरल्यासारखे. त्यातला एक ठिपका ती नखानं उचलते आणि तळहातावर चिरडते. हात गडद लाल होतो. हा ठिपका म्हणजे कोचिनीया या किड्याची मादी. तिला पंख नसतात, एकदा पानाला चिकटली की ती जन्मभर तिथेच रस शोषत राहते. मुंग्या आणि भक्षक किड्यांपासून बचावासाठी ती अंगात कार्मिनिक आम्ल साठवते, आणि हेच आम्ल म्हणजे तो लाल रंग. मग बाई तळहातावर लिंबू पिळते. लाल रंग सरसर नारिंगी होत जातो. त्यावर चिमूटभर चुना किंवा खाण्याचा सोडा टाकला की जांभळट छटा येते. आम्ल आणि अल्कली यांचा रंगावरचा परिणाम शाळेत लिटमस कागदावर शिकलेला असतो. इथे त्याच तत्त्वातून एका किड्याच्या रंगाच्या डझनावारी छटा तयार होतात.

वाळवलेल्या एक किलो कोचिनीयात साधारण दीड लाख किडे भरतात. हा आकडा लक्षात घेतला की पुढचा इतिहास समजतो. स्पॅनिश वसाहतीच्या काळात मेक्सिकोतून बाहेर जाणाऱ्या मालात किमतीच्या दृष्टीनं चांदीनंतर याच रंगाचा क्रमांक लागे, आणि त्याचं मुख्य आगर वाहाका होतं. युरोपातल्या सरदारांचे झगे, कार्डिनलांची वस्त्रं, इंग्रज सैन्याधिकाऱ्यांचे लाल कोट या किड्यानं रंगत. स्पेननं या रंगाचं गुपित इतकं जपलं की हा दाणा आहे की कीटक, यावर युरोपात दीर्घकाळ वाद चालला. सूक्ष्मदर्शक आल्यावर तो मिटला. १७७७ मध्ये तिएरी द मेनोनव्हिल नावाचा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ वाहाकापर्यंत आला आणि त्यानं किडे असलेली निवडुंगाची पानं चोरून कॅरिबियन बेटावर नेली. ईस्ट इंडिया कंपनीनेही अठराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानात हा रंग पिकवण्याचा प्रयत्न केला. पण हाती आली ती भलतीच, रानटी जात. रंग चांगला मिळाला नाही, उलट त्या किड्यानं आपल्याकडे पसरलेला एक निवडुंगच फस्त करून टाकला. पुढे एकोणिसाव्या शतकात कारखान्यात बनणारे रंग आले आणि वाहाकातल्या शेतकऱ्यांचा हा धंदा बसला. तेओतित्लानमध्ये तो पुन्हा उभा राहिला आहे तो गावातल्या काही कुटुंबांच्या हट्टामुळे.

बाकीचे रंगही आसपासच्याच झाडाझुडपांतून येतात. पिवळा पेरिकोन नावाच्या रानटी झेंडूपासून, तपकिरी अक्रोडाच्या सालीपासून, काळपट बाभळीच्या कुळातल्या उइसाचेच्या शेंगांपासून. निळीसाठी मात्र दूर जावं लागतं. राज्याच्या दुसऱ्या टोकाला, तेउआन्तेपेकच्या संयोगभूमीतल्या नील्तेपेक गावात अजूनही नीळ हौदांत कुजवून, घुसळून, वड्या पाडून तयार होते. गालिचा घेताना रंग खरोखर वनस्पतींचा आणि किड्याचा आहे का, हे विचारायला संकोचू नये. रासायनिक रंगाच्या लोकरीचा गालिचाही प्रामाणिकपणे हातमागावर विणलेला असू शकतो, पण त्याची किंमत कमी असायला हवी. फाट्यावरच्या पहिल्या मोठ्या दुकानात टॅक्सीवाले गिऱ्हाइकं नेतात, कारण तिथे त्यांना दलाली मिळते. गावात आत चालत जावं आणि ज्यानं विणलं त्याच्याच अंगणात खरेदी करावी. बारीक नक्षीच्या मोठ्या गालिच्याला कित्येक महिने लागतात. त्यावर घासाघीस करणं मला मनापासून अयोग्य वाटतं.

मागावर पूर्वी पुरुषच बसत. लोकर पिंजणं, कातणं, धुणं हे बायकांचं काम. १९४२ ते १९६४ या काळात अमेरिका आणि मेक्सिको यांच्यातल्या ब्रासेरो कराराखाली इथले असंख्य पुरुष अमेरिकेच्या शेतांत मजुरीला गेले आणि मागे राहिलेल्या बायकांच्या खांद्यावर सगळं आलं. त्यानंतर गालिच्यांना परदेशी मागणी वाढली आणि बायका मोठ्या संख्येनं मागावर बसू लागल्या. पण माल विकून पैसे हातात घेणारे व्यापारी मात्र पुरुषच होते. म्हणून काही बायकांनी सहकारी गट काढले, स्वतः विकायला सुरुवात केली आणि मग गावाच्या कारभारातही आपला वाटा मागितला. तो सहज मिळाला नाही. आज एखाद्या बायकांच्या गटाकडून गालिचा घेतला तर त्यामागे ही एवढी वाटचाल असते.

आता जेवण. त्यासाठी मक्यापासून सुरुवात करावी लागते, आणि मका तर याच दरीचा. मित्लाजवळ गिला नाकित्स नावाची एक लहानशी कपार आहे. तिथे १९६० च्या दशकात उत्खनन झालं. तिथे सापडलेली भोपळ्याची लागवडीतली बी सुमारे १०,००० वर्षांपूर्वीची निघाली आणि मक्याची चिमुकली कणसं ६,००० वर्षांहून जुनी. मक्याच्या इतक्या जुन्या कणसांचे पुरावे जगात फार थोड्या ठिकाणी आहेत. या कपारीसह याच दरीतल्या यागूल आणि मित्ला इथल्या गुहांना युनेस्कोनं २०१० मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्याच परिसरात शेतकरी अजून मका, घेवडा आणि भोपळा एकाच वावरात पेरतात. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढतो, घेवडा जमिनीत नत्र धरतो, भोपळ्याची पानं ओल टिकवतात. या शेतीला मिल्पा म्हणतात.

मेक्सिकोच्या मक्याशी एका मराठी माणसाचं नाव जोडलेलं आहे, ते इथे सांगायलाच हवं. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे हे गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रजांच्या राज्यात परतणं अशक्य झालं तेव्हा ते देशोदेशी फिरत १९२४ मध्ये मेक्सिकोत पोचले. मेक्सिको शहराजवळच्या चापिंगो इथल्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांनी शिकवलं, मक्याच्या वाणांवर आणि मक्याचा रानटी पूर्वज तेओसिंते याच्याशी संकर घडवण्यावर संशोधन केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. तिना मोदोत्ती या विख्यात छायाचित्रकार स्त्रीनं त्यांच्या कामाची छायाचित्रं काढली आणि दिएगो रिवेरानं शिक्षण मंत्रालयाच्या भित्तिचित्रांत त्यांना रंगवलं. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७ मध्ये नागपूरला वारले. मेक्सिकोला जाणाऱ्या मराठी प्रवाशानं शिक्षण मंत्रालयाची ती भित्तिचित्रं पाहिल्याशिवाय परतू नये.

तेओतित्लानच्या स्वयंपाकघरात मका थेट दळत नाहीत. आदल्या रात्री तो चुन्याच्या पाण्यात उकळून तसाच भिजत ठेवतात. सकाळी धुतला की दाण्यांचं टरफल सुटून जातं. या भिजवलेल्या मक्याला निश्तामाल म्हणतात. चुन्यामुळे पीठ चिकट होऊन थापता येतं, त्यात कॅल्शियम मिसळतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मक्यात अडकून पडलेलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागतं. युरोपनं मेक्सिकोचा मका नेला, पण चुन्याची ही रीत नेली नाही. त्यामुळे इटली आणि स्पेनच्या ज्या भागांत गरिबांचं पोट नुसत्या मक्यावर भरत असे, तिथे पेलाग्रा या रोगानं हजारो माणसं खंगून मेली. मेक्सिकोच्या बायकांनी हजारो वर्षांपूर्वी ही गोष्ट अनुभवानं शोधली होती.

हा मका वाटायचा तो मेतातेवर. आपल्या पाट्याचाच हा थोरला भाऊ म्हणायचा: ज्वालामुखीच्या दगडाचा, तीन पायांवर उभा आणि पुढच्या बाजूला उतरता. बाई मागे गुडघे टेकून बसते आणि लांबट दगडी वरवंटा दोन्ही हातांनी पुढे लोटते. मनगटापेक्षा पाठीचा आणि मांड्यांचा जोर जास्त लागतो. गावात आता गिरण्या आहेत, रोजचं पीठ तिथूनच येतं. पण मिरच्या, कोको आणि सणाचे मसाले मेतातेवरच वाटायचे, असं अनेक घरांत अजून पाळतात. आबिगाइल मेंदोसा या इथल्या नामवंत पाककर्त्या. १९९० मध्ये त्यांनी आणि त्यांच्या बहिणींनी त्लामानाली नावाचं भोजनगृह गावात काढलं आणि मेतातेवरच्या या स्वयंपाकाला जगभर नाव मिळवून दिलं. तिथली सेगेसा आवर्जून खावी. भाजलेला मका जाडसर भरडून मिरच्यांच्या वाटणात शिजवतात, त्याला टोमॅटोचा आंबटपणा आणि होहा सांता या बडीशेपेच्या वासाच्या पानांचा सुगंध असतो. दिसायला साधी, चवीला खोल.

वाहाकाचं मोले, म्हणजे मिरच्या-मसाल्यांचं दाट कालवण, जगप्रसिद्ध आहे. काळ्या मोलेसाठी चिल्वाक्ले नावाची मिरची लागते, ती याच राज्यात पिकते आणि महाग असते. मिरच्या आणि त्यांच्या बिया काळ्याकुट्ट होईपर्यंत भाजायच्या, मग तीळ, बदाम, बेदाणे, दालचिनी, लवंग, मिरी, टोमॅटो आणि शेवटी थोडं चॉकलेट. वाटण तासन्‌तास शिजत राहतं. काळ्या मसाल्यासाठी खोबरं आणि कांदा करपेपर्यंत भाजणाऱ्या मराठी घरातल्या माणसाला ही चव परकी वाटत नाही. मिरची स्वतःच मुळात या प्रदेशातली. पोर्तुगीजांनी ती गोव्यात आणली तेव्हा कुठे आपल्याकडे ठेचा झाला.

या गावाची खास ओळख सांगणारा पदार्थ मात्र चॉकलेट-आतोले. लग्नकार्यात आणि मोठ्या सणांनाच तो होतो. खाली मक्याची गरम, पातळ पेज आणि वर थंड चॉकलेटचा घट्ट फेस. या फेसासाठी कोकोचा चुलतभाऊ असलेल्या पाताश्ते नावाच्या झाडाच्या बिया कित्येक महिने जमिनीत पुरून ठेवतात. त्या आतून पांढऱ्या, खडूसारख्या ठिसूळ होतात. मग कोको आणि दालचिनीबरोबर त्या मेतातेवर वाटतात आणि लाकडी रवीनं घुसळतात. पाताश्तेमुळे फेस खाली बसत नाही. लग्नाच्या सकाळी शेकडो माणसांना हा फेस वाढायचा म्हणजे बायकांची केवढी मोठी फळी कामाला लागते याची कल्पना करावी.

ही फळी येते कुठून, याचं उत्तर गेलागेत्सा. दरवर्षी जुलैमध्ये वाहाका शहरात याच नावाचा मोठा नृत्यमहोत्सव होतो, पर्यटकांना तेवढाच ठाऊक असतो. पण त्याचं नाव ज्या प्रथेवरून घेतलं ती गावागावांत रोज चालते. घरात लग्न किंवा सण निघाला की ज्याला जे जमेल ते तो आणून देतो: टर्की, मका, कोको, अंडी, मेस्काल या स्थानिक दारूच्या बाटल्या, नाहीतर दोन दिवसांचं राबणं. हे दान नव्हे. दोन्ही घरांच्या वहीत नोंद होते, कुणी, कधी, काय आणि किती. टर्की वजन करून घेतात आणि वजन लिहितात. देणाऱ्याच्या घरी कार्य निघालं की तेवढ्याच वजनाची टर्की परत पोचवायची, मग मध्ये पंधरा वर्षं का जाईनात. दूरदृष्टीच्या आया मुलगी लहान असतानाच टर्क्या पोसून लोकांच्या घरी देत राहतात. लग्नाच्या वेळी ते सगळं मागून घेता येतं. आईबाप वारले तर देणं मुलांकडे येतं. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ लिन स्टीफन यांनी १९८० च्या दशकात या गावात राहून अभ्यास केला. या वह्या आणि त्यांतून चालणारा बायकांचा व्यवहार त्यांच्या पुस्तकात तपशिलानं आला आहे. बँकेशिवाय, व्याजाशिवाय एवढा मोठा खर्च पेलायची ही रीत मला अतिशय हुशारीची वाटते.

गावाचा कारभारही असाच चालतो. वाहाका राज्यात ५७० नगरपालिका आहेत आणि त्यांतल्या ४०० हून अधिक ठिकाणी राजकीय पक्षांविना, गावाच्या परंपरेनं पदाधिकारी निवडले जातात. राज्याच्या कायद्यानं १९९५ मध्ये या पद्धतीला मान्यता दिली. तेओतित्लान त्यांपैकी एक. ग्रामसभेनं नाव घेतलं की वर्ष-दोन वर्षं, कधी तीन वर्षं ते पद सांभाळावं लागतं. पगार नाही. पाणी, शाळा, चर्च, बाजार, गावची राखण, प्रत्येकाची समिती आहे. शिवाय रस्ता दुरुस्त करायचा, पाट साफ करायचा तर तेकिओ, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायचं श्रमदान. गावाचा इतिहास आणि विणकाम मांडणारं संग्रहालयही गावानंच उभारलं आहे आणि तेही अशीच एक समिती चालवते. शेजारच्या सान्ता आना देल वायेनं तर १९८६ मध्येच असं संग्रहालय काढलं होतं.

या व्यवस्थेचं नुसतं कौतुक करून चालणार नाही. ग्रामसभेत बायकांना फार काळ आवाज नव्हता, आणि मागावरचे दिवस सोडून गावचं काम करणं गरीब घराला जड जातं. लॉस एंजेलिसला राहणाऱ्या मुलाला पद सांभाळायला परत या म्हणून निरोप येतो, तेव्हा त्याची नोकरी पणाला लागते. कुणी पैसे भरून बदली माणूस देतो, कुणी खरंच परत येतो. तरीही गाव ही रीत सोडायला तयार नाही. मला वाटतं ते योग्यच करतात. ही रीत गेली तर गालिचे उरतील, पण ते कुठल्याही कारखान्यात विणता येतील.

सणांच्या वेळी हे सगळं डोळ्यांसमोर येतं. जुलैमध्ये चर्चच्या पटांगणात दान्सा दे ला प्लूमा, म्हणजे पिसांचा नाच होतो. नर्तकांच्या डोक्यावर रंगीत पिसांची प्रचंड गोल चक्रं असतात आणि नाचाचा विषय असतो आझ्टेक सम्राट मोक्तेसुमा आणि स्पॅनिश सेनापती कोर्तेस यांची गाठ. दोन लहान मुलीही त्यात महत्त्वाच्या भूमिका करतात. नर्तक देवापुढे तीन वर्षांचा नवस बोलून यात उतरतात. तासन्‌तास उन्हात, जड मुकुट सावरत उड्या घेत ते नाचतात. कुणी तिकीट लावत नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांचा सण येतो. १ तारखेला दुपारी तीनच्या सुमारास गेलेली माणसं घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी जेवून परत जातात, अशी इथली श्रद्धा आहे. चर्चच्या घंटा वाजत राहतात. घरातल्या वेदीवर फळं, पाव, चॉकलेट, मेस्काल, पिवळ्या मोलेचे तामाले, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेले मक्याच्या पिठाचे गोळे, आणि गेलेल्यांचे फोटो मांडतात आणि सगळीकडे सेम्पासुचिल, म्हणजे आपला झेंडू. ज्या फुलाशिवाय आपलं दसऱ्याचं तोरण होत नाही ते मूळचं मेक्सिकोचं. या दिवसांत वाहाका शहर पर्यटकांनी ओसंडून वाहतं, पण तेओतित्लानमध्ये हा सण घरात, शांतपणे होतो. कुणी घरी बोलावलं तर मेणबत्ती किंवा फळं घेऊन जावं, वेदीपुढे ठेवावं आणि मगच बसावं. फोटो काढण्याआधी विचारावं.

रविवारी त्लाकोलुलाचा बाजार चुकवू नये. आसपासच्या डोंगरातल्या आणि दरीतल्या गावांतून बायका येतात, प्रत्येक गावची ओढणी आणि परकर वेगळा. लिंबू-मिठात परतलेले टोळ टोपल्यांत लालचुटूक चमकत असतात, बाजूला जमिनीतल्या भट्टीत शिजवलेल्या बकऱ्याचा वास. शाकाहारी माणसानं इथे जरा जागरूक राहावं. घेवड्याच्या उसळीत, तामालेच्या पिठात आणि त्लायूदा या पापडासारख्या मोठ्या रोटीवर डुकराची चरबी असते. विचारलं तर ती न लावता करून देतात. भोपळ्याची फुलं, धाग्यासारखं सुटणारं केसियो चीज, भाजलेलं नोपाल आणि तेहाते नावाचं कोको-मक्याचं थंड पेय एवढ्यावर पोट आनंदानं भरतं. मेस्काल कसं गाळतात ते पाहायचं असेल तर मातात्लान जवळच आहे.

जायचं कसं, तेही सांगून टाकतो. मेक्सिको शहरातून वाहाकाला विमान आहे, बसही आहे. वाहाकातून गावाकडे बस आणि सामायिक टॅक्सी जातात. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असलेल्या भारतीयांना पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा काढावा लागत नाही, अशी सवलत बरीच वर्षं आहे. निघण्यापूर्वी दूतावासाकडे खात्री करून घ्यावी. जून ते सप्टेंबर पावसाळा, तेव्हा डोंगर हिरवेगार. नोव्हेंबर ते मार्च हवा कोरडी आणि आल्हाददायक. वाटेत तूले गावात थांबावं. तिथल्या चर्चच्या आवारातल्या आवेवेते वृक्षाच्या बुंध्याचा घेर ४० मीटरच्या आसपास आहे. बुंध्याच्या जाडीत जगात याला तोड नाही.

गावाच्या मागे पिकाचो नावाचा टोकदार डोंगर उभा आहे. झापोटेक लोक त्याला भाऊ मानतात. सकाळी लवकर त्यावर चढून जावं, वाटेत लहान धरण लागतं, आणि वरून पूर्ण दरी नजरेत येते. ज्यांच्या पायांत दम आहे त्यांनी याहून वर, सिएरा नोर्तेच्या रांगेत जावं. तेओतित्लानहून वर जाणाऱ्या वाटेनं बेनितो हुआरेस हे गाव लागतं. उंची जवळपास ३,००० मीटर. खाली निवडुंग आणि वर पाइन-ओकचं दाट, ओलं जंगल, इतका फरक काही तासांच्या चालीत पडतो. इथल्या आठ गावांची मिळून एक संघटना आहे, पुएब्लोस मान्कोमुनादोस. जंगल आठही गावांच्या सामाईक मालकीचं आहे. सरकारनं १९५० च्या दशकात सिएरातली जंगलं कागद कारखान्याला तोडायला दिली होती. डोंगरातल्या गावांनी संघर्ष करून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती सवलत संपवायला लावली आणि आपलं जंगल स्वतः सांभाळायला घेतलं. पायवाटा, लाकडी खोल्या आणि वाटाडे यांची व्यवस्था आता गावांच्याच हातात आहे. वाटाड्या बरोबर घ्यावा लागतो. तो अनेकदा याच गावातला शेतकरी असतो आणि जंगलातलं कुठलं झाड कशाला उपयोगी पडतं हे त्याला नीट ठाऊक असतं. भरलेलं शुल्क गावांच्या कामी येतं. रात्री वर मुक्काम करायचा असेल तर जाड स्वेटर आणि कानटोपी बरोबर ठेवावी, हिवाळ्यात तिथे दहिवर पडतं.